फॉरमॅट मारला, डिस्क उडाली: कुठे स्वतः हात घालायचा आणि कुठे नाही

कॅमेऱ्याच्या कार्डाला चुकून फॉरमॅट मारला गेला असेल, तर बहुतेक वेळा फोटो घरच्या घरी परत मिळतात, आणि तेही फुकटात. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर घरी केलेला प्रत्येक प्रयत्न नुकसान वाढवतो. आणि मोबाइल फॅक्टरी रीसेट केला असेल, तर त्याच्या आतल्या मेमरीतून फोटो काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तिन्ही प्रसंगांत माणूस सारखाच घाबरलेला असतो आणि करतोही एकच गोष्ट: गूगलवर जे पहिलं सॉफ्टवेअर दिसेल ते उतरवून चालवतो. त्याआधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखायला हवं.

फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद वेगळी आणि फाइल स्वतः वेगळी. सोसायटीच्या लॉबीत फ्लॅटधारकांच्या नावांची पाटी असते, ती पुसली म्हणून माणसं घर सोडून जात नाहीत. डिलीट आणि क्विक फॉरमॅट ही पाटी पुसण्याची कामं आहेत. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइल डिलीट केली की तिच्या नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदललं जातं आणि ती जागा रिकामी आहे असं मांडलं जातं. फोटोचा मजकूर तिथेच पडून राहतो. त्या जागेवर नवी फाइल येऊन बसली, की मात्र जुनी कायमची गेली. ती कुठलंही सॉफ्टवेअर आणि कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

फुल फॉरमॅटचं तसं नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये फुल फॉरमॅट म्हणजे अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिणं. फॉरमॅट दोन-चार सेकंदांत संपला असेल तर तो क्विक होता आणि आशा आहे. हिरवी पट्टी अर्धा तास सरकत होती आणि तुम्ही शेवटपर्यंत सरकू दिलीत, तर त्या डिस्कवर काही उरलेलं नाही. मध्येच थांबवली असेल तर पट्टीच्या पुढचा भाग अजून शाबूत असू शकतो. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ अशी वेगळी खूण असते. ती केलेली असेल तरी अवघडच.

पहिली पायरी: कार्ड बाहेर काढा

कॅमेरा बंद करा, कार्ड काढा. ‘काही दिसतंय का बघू’ म्हणून ते मोबाइलमध्ये घालू नका, कारण अँड्रॉइड त्यावर स्वतःचे फोल्डर आणि छोट्या चित्रांच्या फाइली लिहितो. मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक छोटा खटका असतो. तो खाली, म्हणजे ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे कार्ड रीडरमधून त्यावर काही लिहिलं जाणार नाही. मायक्रो एसडीला हा खटका नसतो, पण ते मोठ्या अडॅप्टरमध्ये घातलं तर अडॅप्टरचा खटका चालतो.

लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरून फाइल गेली असेल, तर त्याच लॅपटॉपवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवणं म्हणजे जी जागा वाचवायची तिथेच नवा माल टाकणं. लॅपटॉप बंद करा आणि पुढचं सगळं काम दुसऱ्या मशिनवर करा.

विंडोज विचारतं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ कॅन्सल दाबा. कधी कधी ‘स्कॅन अँड फिक्स’ असंही येतं, त्यालाही नको म्हणा. मागे चालणारं चेकडिस्क हे डिस्कची नोंदवही नीटनेटकी करायला बनवलंय, तुमच्या फाइली वाचवायला नाही. न जुळणाऱ्या नोंदी ते सरळ कापतं आणि उरलेले तुकडे नावं घालवून एका वेगळ्या फोल्डरमध्ये कोंबतं. डेटा काढून झाल्यावर चालवायचं तर खुशाल चालवा.

आधी फुकटचे रस्ते

सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी दहा मिनिटं शोधाशोध करा. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्येही साधारण ३० दिवस. टीवायच्या मुलांनी ब्लॅक बुकची, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट अहवालाची, फाइल गेली म्हणून रडण्याआधी गाइडला पाठवलेली मेल बघावी, ग्रुपमधल्या मित्राच्या व्हॉट्सॲपचे डाउनलोड बघावेत, आणि जिथे प्रिंट काढली त्या झेरॉक्सवाल्याकडे जावं. त्याच्या डेस्कटॉपवर अख्ख्या कॉलेजचे प्रोजेक्ट पडलेले असतात. एरवी ही गोष्ट काळजीची आहे, पण आज उपयोगाची.

झेरॉक्सच्या दुकानाचा विषय निघालाच आहे तर एक वेगळाच प्रकार सांगतो. तिथून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांच्या जागी छोट्या बाणाचे शॉर्टकट दिसतात, किंवा ड्राइव्ह रिकामा दिसतो पण जागा मात्र भरलेली दाखवतो. यात डेटा गेलेलाच नसतो. एका जुन्या व्हायरसने फाइली लपवून ठेवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका, केलंत तर तो तुमच्या मशिनमध्येही शिरेल. एक्सप्लोररच्या ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. बहुधा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सगळं सापडतं. ते कॉपी करून घ्या, पेनड्राइव्हला फॉरमॅट मारा, विषय संपला. यासाठी दुकानदार ‘डेटा रिकव्हरी’चे पैसे मागायला लागला तर हसून परत या.

तिसरा फुकटचा रस्ता म्हणजे वायर. पोर्टेबल हार्ड डिस्क दिसत नाही, मधूनच जाते-येते, तर आधी दुसरी केबल लावून बघा आणि यूएसबी हब काढून थेट मशिनला जोडा. त्या रुंद, चपट्या कनेक्टरच्या केबली फार लवकर सैल होतात. कार्ड ओळखलं जात नसेल तर कार्डाच्या सोनेरी पट्ट्या बघा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत त्यांवर काळपट थर चढतो. स्वच्छ कापडावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन हलकेच पुसा, वाळू द्या, आणि दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघा. कार्ड रीडर ही स्वस्तात मिळणारी आणि तितकीच बेभरवशाची वस्तू आहे. कार्ड मेलं असं ठरवण्याआधी दोन वेगळे रीडर वापरून बघायलाच हवेत.

इमेज काढणं: हीच पायरी सगळे गाळतात

फाइली थेट कार्डावरून शोधू नका. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. प्रतीवर काहीही चुकलं तरी मूळ कार्ड कपाटात सुरक्षित आहे. शिवाय कार्ड आजारी असेल तर ते एकदाच वाचलं जातं. नाहीतर एक सॉफ्टवेअर नीट चाललं नाही म्हणून दुसरं, मग तिसरं, असं करत चौथ्या स्कॅनला कार्ड मान टाकतं.

जागेचा हिशोब आधी करा. ६४ जीबीचं कार्ड असेल तर इमेजला ६४ जीबी लागतात, मग त्यात दोनच फोटो असोत. सापडलेल्या फाइलींना आणखी तेवढी जागा धरा. म्हणजे साधारण १३० जीबी मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क हवी, आणि ती फॅट३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालेल.

विंडोजवर एफटीके इमेजर हे फुकट सॉफ्टवेअर या कामाला चांगलं आहे. मूळचं ते तपास करणाऱ्या लोकांचं हत्यार आहे, त्यामुळे दिसायला रुक्ष, पण मूळ डिस्कवर ते काही लिहीत नाही. ‘क्रिएट डिस्क इमेज’ निवडा, मग ‘फिजिकल ड्राइव्ह’. इथे डिस्कची यादी येते. आकार बघून आपलं कार्ड ओळखा, घाईने लॅपटॉपचीच डिस्क निवडली जाते. प्रकार विचारेल तेव्हा ‘रॉ’ घ्या. तुकड्यांचा आकार विचारतो तिथे शून्य टाका, म्हणजे एकच सलग फाइल बनेल. केसचं नाव, तपासनीसाचं नाव वगैरे जे विचारतं ते मोकळं सोडलं तरी चालतं.

किती वेळ लागेल? सेकंदाला २५ एमबी वाचणाऱ्या जुन्या रीडरवर ६४ जीबीला पाऊण तास, तर चांगल्या यूएसबी ३ रीडरवर दहा-पंधरा मिनिटं. १ टीबीची धडधाकट हार्ड डिस्क असेल तर तीन तास धरून चाला. मध्येच वेग एकदम घसरला, एकाच आकड्यावर अडकून बसलं, ‘रीड एरर’ यायला लागले, तर हे साधं फॉरमॅटचं प्रकरण नाही. डिस्क शरीरानेच दुखावली आहे. थांबवा.

अशा अर्धवट आजारी डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे खरं औषध. ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं आणि अडलेल्या जागा शेवटी पुन्हा पुन्हा वाचून बघतं. कुठे पोहोचलो याची नोंद ते वेगळ्या फाइलीत ठेवतं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी पुन्हा शून्यापासून सुरुवात नाही. सिस्टिमरेस्क्यू नावाच्या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये ते आधीच घातलेलं असतं. पण डीडीरेस्क्यूत माउसने काम होत नाही, आज्ञा टाइप कराव्या लागतात आणि मूळ व प्रत यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. लिनक्स येणारा मित्र असेल तर त्याला चहा पाजून शेजारी बसवा. नसेल, आणि डेटा महत्त्वाचा असेल, तर खाली लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराचा, भाग आहे तो वाचा.

आधी नावांसकट शोधा

इमेज हातात आली की दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे पुसलेल्या नोंदींचे अवशेष वाचून फाइली त्यांच्या नावांसकट, फोल्डरांसकट काढणं. दुसरी म्हणजे नोंदी विसरून थेट मजकूर चाळणं. नेहमी पहिलीपासून सुरू करा. दुसरीत फोटो मिळतात, पण ‘आजीची पंचाहत्तरी’ हे फोल्डरचं नाव मिळत नाही.

पहिल्या पद्धतीसाठी डीएमडीई बघा. त्याच्या फुकट आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधून ४,००० फाइलींपर्यंत काढता येतात, घरच्या कामाला तेवढं पुरतं. त्यात डिस्कऐवजी इमेजची फाइल उघडा, ‘फुल स्कॅन’ करा, आणि सापडलेल्या व्हॉल्यूमपैकी, म्हणजे डिस्कच्या भागांपैकी, आकाराने आपल्या कार्डाशी जुळणारा उघडा. डाव्या बाजूला जुने फोल्डर दिसायला लागतात. फॉरमॅट न होता नुसतं पार्टिशन उडालं असेल, म्हणजे अख्खा डी ड्राइव्हच गायब झाला असेल, तर टेस्टडिस्क हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर जास्त नेमकं चालतं. काळ्या पडद्यावर बाणांनी फिरायचं. ‘अॅनलाइज’, मग ‘क्विक सर्च’. सापडलेल्या पार्टिशनवर पी दाबला की आतल्या फाइलींची यादी दिसते. यादी ओळखीची असेल तर तिथूनच सी दाबून फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. पुढच्या पडद्यावर ‘राइट’ असतं, त्याने पार्टिशनची नोंद डिस्कवर परत लिहिली जाते. फाइली कॉपी करून झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मग नावांविना

नोंदींतून काही निघालं नाही तर फोटोरेक. टेस्टडिस्कच्याच झिप फाइलमध्ये ते मिळतं. बसवावं लागत नाही, झिप उघडली की झालं. त्यातली क्यूफोटोरेक नावाची फाइल चालवा, म्हणजे माउसने काम करता येतं. नावात ‘फोटो’ असलं तरी ते वर्ड, एक्सेल, पीडीएफ, व्हिडिओ असे शेकडो प्रकार ओळखतं.

ते काम कसं करतं हे कळलं की त्याच्या मर्यादाही कळतात. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरावीक असते. जेपीजी फोटोचे पहिले बाइट नेहमी एफएफ, डी८, एफएफ असेच असतात. फोटोरेक डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे छोट्या कप्प्यापासून, शेवटपर्यंत चाळत जातं, अशी सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतं. म्हणून त्याला नोंदींची गरज नाही. आणि म्हणूनच त्याला नाव ठाऊक नसतं, तुकड्यांत विखुरलेली फाइल नीट जोडता येत नाही, आणि तुम्ही मुद्दाम डिलीट केलेले, वर्षभरापूर्वीचे फोटोही ते उत्साहाने बाहेर काढतं. घरातल्या कोणासमोर स्कॅन चालवायचं ते जरा विचार करून ठरवा.

वरच्या यादीत ‘अॅड अ रॉ डिस्क इमेज’ हा पर्याय आहे, तिथे आपली इमेज द्या. खाली पार्टिशन दिसतील, त्यांतलं कार्डाचं निवडा. काहीच दिसत नसेल तर ‘होल डिस्क’. फाइल सिस्टिममध्ये फॅट-एनटीएफएसची ओळ ठेवा. ‘फ्री’ की ‘होल’ असं विचारतं: फॉरमॅट झालेल्या कार्डाला ‘होल’ घ्या, वेळ जास्त लागेल पण काही सुटणार नाही. ‘फाइल फॉरमॅट्स’मध्ये सगळ्या खुणा काढून फक्त हवे ते प्रकार ठेवा. हे केलं नाही तर शोभायात्रेच्या तीनशे फोटोंबरोबर हजारो फालतू फाइली हाती येतात. शेवटी फाइली कुठे ठेवायच्या ते सांगा, अर्थातच दुसऱ्या डिस्कवर, आणि ‘सर्च’ दाबा.

बाहेर येतात ते ‘रेकप डिर’ नावाचे क्रमांक घातलेले फोल्डर आणि त्यांत आकड्यांची नावं असलेल्या फाइली. घाबरू नका. फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख आणि वेळ शाबूत असते. एक्सप्लोररमध्ये ‘डेट टेकन’ हा रकाना लावून त्यावर क्रम लावा, अर्धा गोंधळ तिथेच निवळतो. मग आकाराने लावा: ज्या कॅमेऱ्याचा फोटो ८ एमबीचा असतो त्याच्या यादीतल्या ५० केबीच्या फाइली म्हणजे छोटी नमुनाचित्रं, ती सरळ बाजूला काढा. वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींना असा सोपा मार्ग नाही. त्या एकेक उघडूनच बघाव्या लागतात.

व्हिडिओच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवा. मोठी फाइल एकसलग लिहिलेली नसण्याची शक्यता जास्त, आणि ॲक्शन कॅमेरे, ड्रोन एकाच वेळी दोन फाइली लिहीत असल्याने तुकडे एकमेकांत मिसळतात. आणखी एक अडचण अशी की एमपी४ मध्ये व्हिडिओची कुठली फ्रेम कुठे आहे हे सांगणारा भाग बऱ्याचदा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिला जातो. विसर्जनाच्या गर्दीत बॅटरी संपली आणि कॅमेरा तसाच बंद पडला, की फाइल ४ जीबीची दिसते आणि उघडत मात्र नाही. ती दुरुस्त होऊ शकते. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर काढलेला दुसरा धड व्हिडिओ नमुना म्हणून द्यायचा आणि अनट्रंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यावरून हा भाग नव्याने बांधतं. म्हणून बंद पडलेली फाइल ‘खराब आहे’ म्हणून फेकू नका.

पैसे देऊन मिळणारी सॉफ्टवेअर वाईट असतात असं नाही. काहींचं काम खरंच चांगलं आहे. पण त्यांच्या जाहिरातीत ‘१,८४२ फाइली सापडल्या’ असं दिसलं की हात आपसूक कार्डाकडे जातो. सापडल्या म्हणजे उघडतील असं नाही. पैसे भरण्याआधी प्रीव्ह्यू बघा, निदान दहा-बारा फोटो पूर्ण आकारात उघडून बघा. अर्धा फोटो आणि खाली राखाडी पट्टा दिसला, तर पैसे भरूनही तेच मिळणार आहे. आणि क्रॅक केलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर कोणीतरी टेलिग्रामवर पाठवलं म्हणून चालवू नका. बुडालेल्या डेटावर व्हायरस हे जरा जास्तच होतं.

हार्ड डिस्कचा आवाज ऐका

फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. धुळीचा साधा कण त्या अंतराच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून यूट्यूबवर बघून घरात झाकण उघडायचं नाही, खोली कितीही स्वच्छ पुसलेली असली तरी.

डिस्क लोकलच्या रॅकवरून पडली आणि आता टक-टक, टक-टक असा ठरावीक ठेक्यात आवाज येतोय, तर हेड दुखावलंय. घसटल्यासारखा किंवा करवतल्यासारखा आवाज त्याहून वाईट, हेड तबकडीला लागून ती खरवडत असण्याची शक्यता मोठी. दोन्हीत वीज ताबडतोब तोडायची. ‘आणखी एकदाच लावून बघू’ यात वाचवता आला असता तो भाग जातो. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा एक जुना उपाय अजून सांगितला जातो. मुंबईच्या हवेत फ्रीझरमधून बाहेर काढलेल्या वस्तूवर दोन मिनिटांत काय जमतं ते थंड पाण्याच्या बाटलीवर रोज दिसतं.

डिस्क पूर्ण गप्प आहे, फिरतच नाही, आणि आठवतंय की तिला लॅपटॉपचा अडॅप्टर लावला गेला होता? मोठ्या डेस्कटॉप डिस्कला १२ व्होल्ट लागतात, लॅपटॉपचा अडॅप्टर १९ च्या आसपास देतो. अशा वेळी बऱ्याचदा सर्किटवरचा संरक्षक डायोड जळतो आणि बाकीची डिस्क वाचते. हे जाणकाराकडे लवकर आणि तुलनेने कमी खर्चात सुटणारं काम आहे. तशीच डिस्क आणून नुसतं सर्किट बदलून चालेल असं मात्र समजू नका. प्रत्येक डिस्कच्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते, ती नव्या सर्किटवर न्यावी लागते.

आवाज नाही, पण डिस्क फार हळू चालते? क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ या दोन ओळींपुढे शून्याऐवजी आकडे दिसले आणि ते वाढत असले, तर स्कॅनचा विचार सोडून आधी इमेज.

पावसाचं पाणी ही मुंबईची खास भर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा तळमजल्यावरच्या किती ऑफिसांचे सीपीयू पाण्याखाली गेले असतील त्याची कल्पनाच करावी. असा पाऊस रोज पडत नाही, पण गुडघाभर पाणी दरवर्षी कुठे ना कुठे शिरतं. भिजलेली डिस्क चालू करून बघायची नाही. हेअर ड्रायर नाही, उन्हात ठेवणं नाही, तांदळाच्या डब्यात पुरणं तर नाहीच. गटाराचं पाणी आतल्या आत वाळलं की त्यातली घाण तबकडीवर चिकटून बसते. ओलसर कापडात गुंडाळून, झिपच्या पिशवीत बंद करून, त्याच दिवशी लॅबकडे द्यायची. पेनड्राइव्ह आणि कार्डाला मात्र हे लागू नाही. त्यांत फिरणारं काही नसतं, स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन पूर्ण वाळल्यावर ती बहुधा चालतात.

एसएसडी आणि मोबाइल

एसएसडीत, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फाइल डिलीट झाली की विंडोज ‘ट्रिम’ नावाची सूचना पाठवतं: ही जागा आता लागत नाही, सवडीने साफ करून टाक. क्विक फॉरमॅटलाही अख्ख्या डिस्कसाठी हीच सूचना जाते. त्यामुळे एसएसडीवरचा फॉरमॅट बहुधा शेवटचा असतो. काही नव्या पोर्टेबल हार्ड डिस्कही ट्रिम मानतात. घडल्या घडल्या मशिन बंद केलं असेल तर लॅबला विचारायला हरकत नाही, पण ‘शंभर टक्के मिळेल’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. एसएसडी फॉरमॅट न होता नुसती ‘रॉ’ दाखवत असेल, म्हणजे विंडोजला तिची नोंदवही वाचता येत नसेल, तर मात्र डेटा आत असू शकतो. तिची इमेज काढा.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडणारी किल्ली, आधी शोधा. विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाला न कळता चालू झालेलं असतं आणि की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते. की नसेल तर उत्तम लॅबही हात वर करते.

मोबाइलचंही तेच. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांची आतली मेमरी एन्क्रिप्ट केलेलीच असते, आयफोनची त्याआधीपासून. फॅक्टरी रीसेटमध्ये ती उघडणारी कीच नष्ट होते. मग फक्त बॅकअपच बघायचा: गूगल फोटोज, आयक्लाउड, व्हॉट्सॲपचा बॅकअप. फोन मेलाय पण रीसेट झालेला नाही, तर गोष्ट वेगळी. बोर्ड दुरुस्त करून फोन तात्पुरता जिवंत केला आणि तुमचा पासकोड टाकला की डेटा निघतो. मेमरी कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडलेलं असेल तर तेही फक्त त्याच फोनमध्ये वाचता येतं. फोन भंगारात देऊन कार्ड जपून ठेवण्याचा उपयोग नाही.

लॅमिंग्टन रोडला जाताना

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा आणि चालत जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. तिथे ‘डेटा रिकव्हरी’ची पाटी लावलेली दुकानं पावलोपावली दिसतील. त्यांत खरंच हत्यारं आणि हात असलेले लोक आहेत आणि आपण घरी चालवलं असतं तेच सॉफ्टवेअर चालवणारेही आहेत. फरक ओळखायला दोन-तीन प्रश्न पुरतात.

“भाऊ, डिस्क पडली, टकटक वाजतेय. तुम्ही स्वतः उघडता की पुढे पाठवता?”

“ठेवून जा ताई, संध्याकाळी सांगतो.”

हे उत्तर नव्हे. पुन्हा विचारा. हेड बदलायला क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, किंवा निदान लॅमिनार फ्लो बेंच, म्हणजे गाळलेल्या हवेचं टेबल, कुठे आहे? पीसी-३००० आहे का? हे या धंद्यातलं नावाजलेलं यंत्र आहे आणि ते असलेला माणूस त्याविषयी आनंदाने बोलतो. पुढे पाठवत असतील तर कोणाकडे? पुढे पाठवणं हा गुन्हा नाही, पण डिस्क कोणाच्या हातात जाणार ते तुम्हाला कळायला हवं. तुमच्यासमोर डिस्क लावून टकटक ऐकवायला लागला, तर ती त्याच्या हातातून काढून घ्या.

तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा मिळाला नाही तर काही द्यावं लागेल का, आणि मिळालेल्या फाइलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवणार का, हे लेखी घ्या. पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि निघण्याआधी स्वतः मोबाइलवर त्याचा फोटो काढा. डिस्कवर पॅन, आधार, बँकेचे कागद, घरचे फोटो असतात. म्हणून डेटा स्वतःच्या नव्या डिस्कवर घ्या आणि त्यांच्याकडची प्रत किती दिवसांत पुसणार तेही पावतीवर येऊ दे. डिस्क वॉरंटीत असेल तर आणखी एक गोष्ट: कंपनी डिस्क बदलून देते, डेटा नाही, आणि जुनी डिस्क स्वतःकडे ठेवते. डेटा हवा असेल तर आधी तो काढा, वॉरंटीचा दावा नंतर.

बारीक पेनड्राइव्ह आणि मायक्रो एसडी तुटले असतील तर खर्चाचा आकडा ऐकून धक्का बसतो. त्यांत सगळं एकाच तुकड्यात ओतलेलं असतं, आतल्या सूक्ष्म टोकांना एकेक तार जोडून वाचावं लागतं. ६०० रुपयांच्या कार्डाला एवढे पैसे का, हा प्रश्न तिथे लागू होत नाही. प्रश्न त्यावरच्या फोटोंना तुम्ही किती किंमत देता एवढाच. पंधरा वर्षांचे सोसायटीचे हिशोब असतील आणि कागदी वह्या कपाटात असतील, तर त्या वह्या पुन्हा टाइप करून घेणं बरेचदा स्वस्त पडतं.

डेटा मिळाल्यावर

मिळालेल्या फाइली लगेच दुसऱ्या एका जागीही कॉपी करा आणि मूळ कार्ड, इमेज दोन्ही महिनाभर तसंच ठेवा. लग्नाच्या ऑर्डरचे फोटो असतील तर अल्बम छापून येईपर्यंत ठेवा. नंतर कोणीतरी विचारतंच, ‘वरमाईचा तो एक फोटो कुठाय?’

कार्ड परत वापरायचं असेल तर आधी एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या फुकट सॉफ्टवेअरने ते पूर्ण भरून तपासा. फूटपाथवर ‘२ टीबी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पेनड्राइव्हची लबाडीही यातच उघडी पडते. आत खरी जागा ३२ किंवा ६४ जीबीची असते, कंट्रोलर मात्र २ टीबी सांगतो, आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइली यादीत दिसतात पण कुठेही लिहिल्या जात नाहीत. तसा माल तुमच्याकडे असेल आणि त्यावरचे फोटो उघडत नसतील, तर रिकव्हरीवर पैसे घालू नका. तिथे कधी काही लिहिलंच गेलं नव्हतं.